घास दाट उगवला आणि पंधराव्या दिवशी बसला. बियाणं खराब, की रानात काही राहिलंय?

प्रवराकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या पाटपाण्यावर आमचं रान आहे. गोठ्यात अकरा संकरित गाई आणि चार कालवडी. मुरघासावर भागतं, पण थोडा हिरवा घास असला की सरकी पेंड कमी लागते, म्हणून दरवर्षी वीसेक गुंठे लसूणघास असतोच. जुना प्लॉट तीन वर्षांचा होऊन विरळ झाला, तो मोडला आणि यंदा नव्या रानात केला.

२९ ऑक्टोबरला पेरणी. बियाणं आरएल-८८, वीस गुंठ्यांना पाच किलो. बारा गुंठ्यांत मी स्वतः बारीक वाळूत मिसळून फोकलं. अंधार पडला म्हणून राहिलेलं दोन किलो भावाने डीएपी खतात कालवून पोत्यात ठेवलं आणि सकाळी उरलेल्या आठ गुंठ्यांत फोकलं. त्याच दिवशी सगळीकडे हलकं पाणी दिलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी बारा गुंठे असे उगवले की माती दिसत नव्हती. आठ गुंठ्यांत मात्र पाच-सहा बोटांवर एखादं रोप. तेवढं मी सोडून दिलं असतं. पण बाराव्या दिवसापासून दाट उगवलेला घासही पिवळा पडू लागला आणि आज एकोणिसाव्या दिवशी त्यातला निम्म्याहून जास्त सुकून जमिनीला चिकटलाय.

दुकानदार म्हणतो पाणी जास्त झालं. माझं मन म्हणतं बियाणंच खराब. उद्या बियाण्याची तक्रार द्यायला निघणार होतो, त्याआधी इथं विचारतो. कुणाला असा अनुभव आहे का?


ऊसपट्टा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आमच्याकडं शिरोळ भागात काळ्या रानात पाणी तुंबलं की असंच पिवळं पडतं. पाणी तोडा, वाफसा येऊ द्या, १९:१९:१९ विद्राव्य खत आणि ह्युमिकची एक फवारणी घ्या. सुधारेल. नाहीच सुधारलं तर मोडून ओट टाका, चारा तर मिळेल.


गोठ्यातली_ताई | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

दादा, तक्रार द्यायला एक दिवस थांबा. खराब बियाणं उगवत नाही. तुमचं तर उगवून मेलंय, ही वेगळी गोष्ट आहे. चार रोपं मुळासकट उपटा आणि जमिनीलगतचं खोड बघा. काळं, मऊ, दोऱ्यासारखं बारीक झालं असेल तर ती मर, बुरशीची. खोड ठणठणीत आणि नुसती पानं जळालेली असतील तर दुसरंच काही आहे.

आणि मुख्य प्रश्न, त्या रानात आधी काय होतं?


बांधावरचा | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

ताईंनी नेमकं विचारलंय. त्यात माझे दोन-तीन प्रश्न. मी राहुरीला शिकलो, आता नेवाशात घरचीच शेती आणि गोठा बघतो. घासाची अशी रानं दरवर्षी दोन-चार बघायला मिळतात.

१. आधीच्या पिकाला कोणतं तणनाशक मारलं, किती आणि कधी? एकदा की दोनदा?
२. पिवळेपणा कुठून सुरू झाला? जुन्या पानाच्या कडेने आत येत गेला, की नवा शेंडा पांढरा पडला, की पानं वाटीसारखी वळली?
३. रानात मेलेला आणि जगलेला भाग कसा पसरलाय? पट्ट्यांनी, की जिथं पाणी साचतं तिथं?

मातीपरीक्षणाचा कागद असेल तर सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्बही सांगा.


प्रवराकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आत्ता रानात बसूनच लिहितोय.

खोड चांगलं आहे, मर नाही. पिवळेपणा खालच्या पानांच्या कडेने सुरू होतो, मग कड तपकिरी होते आणि पान कागदासारखं वाळतं. वळलेलं पान एकही नाही.

आधी मुरघासाची मका होती. १६ जूनला टोकली, दुसऱ्या दिवशी ॲट्राझीन मारलं, एकरी ८०० ग्रॅमच्या हिशोबाने. पुढं पावसाने ओढ दिली, तण पुन्हा उठलं, म्हणून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टेंबोट्रिऑन या दुसऱ्या तणनाशकाबरोबर ॲट्राझीन परत घेतलं, या वेळी एकरी ५०० ग्रॅम. सप्टेंबरच्या मध्यावर मका कुट्टी करून बॅगांत भरली. सामू ८.४, सेंद्रिय कर्ब ०.३५.

आता गंमत नाही, खरंच सांगतो, तुम्ही विचारलं म्हणून नीट बघितलं तर चित्रच वेगळं दिसलं. बांधालगत हातभर रुंदीचा पट्टा हिरवागार आहे, पंपाचा फवारा तिथवर जात नाही. मधे एक खाटेएवढी जागा हिरवी आहे, तिथं उन्हाळ्यात शेणखताचा ढीग होता. आणि जिथं फवारणारा गडी वळतो, त्या दोन्ही टोकांना एक रोप शिल्लक नाही. पाणी दोन्हीकडं सारखंच आहे.


बांधावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री ८:२०

तुम्ही जे बघितलंत त्यातच उत्तर आहे. माझ्या मते तुमच्या रानात दोन वेगळ्या चुका एकाच वेळी दिसतायत. आठ गुंठ्यांत खताने बियाणं मारलं आणि बारा गुंठ्यांत तणनाशकाने रोपं मारली. बियाणं चांगलं होतं, बारा गुंठ्यांच्या दाट उगवणीने ते सिद्ध केलंय.

आधी आठ गुंठे. घासाचं बी बारीक, एका ग्रॅममध्ये साधारण पाचशे दाणे. बाहेरचं कवच पातळ आणि आत साठा अगदी थोडा. डीएपी म्हणजे १८ टक्के नत्र, तेही अमोनियमच्या रूपात, आणि ४६ टक्के स्फुरद. खत हवेतला ओलावा ओढून घेतं. रात्रभर पोत्यात बी त्या खारट ओलाव्यात राहिलं. वर तुमची जमीन ८.४ सामूची, अशा जमिनीत अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि तो कोवळ्या अंकुराला विषारी असतो. म्हणजे क्षाराने पाणी ओढलं आणि अमोनियाने कोंब जाळला. युरियात कालवलं असतं तर याहून वाईट झालं असतं. बियाण्याला जिवाणू संवर्धन (मुळावर नत्राच्या गाठी आणणारे जिवाणू) लावलं होतं का? असेल तर तेही त्याच पोत्यात संपलं.

आता बारा गुंठे. ॲट्राझीन उगवण थांबवत नाही, म्हणूनच माणूस फसतो. बी रुजतं, दोन दलं वर येतात, पहिलं पान निघतं, सगळं छान दिसतं. तोवर रोप बियाण्यातल्या साठ्यावर जगत असतं. मुळं मातीतलं पाणी ओढू लागली की त्याबरोबर औषध पानात चढतं आणि उन्हापासून अन्न करण्याची साखळी मधेच तोडतं. अडकलेली ऊर्जा मग पानाच्याच पेशी जाळते. पाणी पानाच्या कडेला जाऊन उडून जातं, औषध तिथं साठतं, म्हणून कड आधी जळते. जुन्या पानात ते जास्त साठलेलं असतं, म्हणून खालची पानं आधी जातात. मका हेच औषध आपल्या अंगात मोडून टाकते, ज्वारीही मोडते. घास, बरसीम, चवळी, कांदा, गहू यांना ते जमत नाही.

टेंबोट्रिऑनने केलं असतं तर नवा शेंडा दुधासारखा पांढरा दिसला असता. तुमच्याकडं तसं नाही.

‘तीन-साडेतीन महिन्यांत औषध संपायला हवं होतं’ असं दुकानात सांगतात. पाऊस बरा, जमीन आम्लधर्मी किंवा उदासीन, सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर बहुतेक संपतंही. आपल्या चुनखडीच्या रानात ॲट्राझीन पाण्याने फुटण्याची क्रिया मंद चालते आणि ते खाणारे जिवाणू कर्ब नसल्यामुळे थोडे. त्यात पावसाने ओढ दिली, कोरड्या मातीत काहीच मोडत नाही. आणि तुमचे दोन हात मिळून एकरी तेराशे ग्रॅम झाले. शेणखताच्या ढिगाखालची जागा का जगली तेही यातच आलं, सेंद्रिय पदार्थ औषध धरून ठेवतो, मुळाला मिळू देत नाही.

फवारणीने हा घास सुधारणार नाही. ह्युमिक-विद्राव्य खतांवर पैसे घालू नका. आणि तो पिवळा घास कापून जनावरांना घालू नका.


गोठ्यातली_ताई | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

तरीही नुसत्या अंदाजावर रान मोडू नका. कुंडीत करून बघा. बांधावरचा, तुम्ही सांगा पद्धत, मी गेल्या वर्षी तुमचीच वाचून केली होती.


बांधावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४५

सांगतो. रानातून आठ-दहा ठिकाणची वरची चार इंच माती घ्या, एकत्र करा. बांधाजवळच्या, औषध न पोचलेल्या पट्ट्यातली तशीच माती वेगळी घ्या. ही तुलनेसाठी, हिच्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. प्रत्येकीचे चार-चार कप भरा, तळाला भोक पाडा. रानातल्या मातीचे आणखी चार कप भरून त्यात सक्रिय कोळशाची पूड चमचाभर मिसळा. फिश टँकच्या दुकानात मिळते. चुलीतला कोळसा कुटून घातला तरी थोडा फरक दिसतो, पण कमी.

प्रत्येक कपात तुमच्याच पिशवीतलं घासाचं बी टाका, थोडी मोहरीही टाका. खत अजिबात नको. कप पूर्ण उन्हात ठेवा, हे फार महत्त्वाचं. सावलीत ॲट्राझीनचं काम दिसतच नाही आणि माणूस ‘रान साफ आहे’ असं समजतो. तीन आठवडे थांबा. आठव्या दिवशी उगवण बघून निकाल लावायचा नाही, तीन खरी पानं येऊ द्या.

बांधाची माती जगली, रानातली मेली आणि कोळशाची जगली, तर शंका उरत नाही.


दुष्काळी_पारनेर | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. खताचं एवढं भय का दाखवता? मी प्रत्येक कापणीला एकरी पोतंभर युरिया टाकतो, त्याशिवाय माझा घास उठतच नाही. द्विदलाला नत्र लागत नाही हे पुस्तकात ठीक आहे, माझ्या रानात तरी तसं दिसत नाही.


बांधावरचा | १९ नोव्हेंबर, दुपारी २:४०

तुमचं निरीक्षण मी खोटं म्हणत नाही. युरियाशिवाय उठत नसेल तर तुमच्या घासाच्या मुळावर गाठी नाहीत किंवा आहेत त्या निकामी आहेत. एक रोप खुरप्याने मातीच्या गोळ्यासकट काढा, बादलीत भिजवून माती सोडवा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतलं नत्र धरतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती बसून खातेय.

घासाला लागणारा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, बरसीमचा वेगळा. दुकानात ‘रायझोबियम’ एवढंच मागितलं आणि सोयाबीनचं पाकीट मिळालं, तर घासावर त्याच्या गाठी येत नाहीत. पाकिटावर लसूणघासाचं नाव बघून घ्या. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात, सावलीत सुकवून लगेच पेरणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, आणि संवर्धन सगळ्यात शेवटी.

आणि जमिनीत नत्र भरपूर मिळालं की रोप गाठी करायचं टाळतं, असलेल्या गाठीही मंदावतात. म्हणजे दरवेळच्या पोत्याने तुम्ही पुढच्या पोत्याची गरज तयार करता. शिवाय युरियावर लव्हाळा, हराळी, चंदनबटवा घासाच्या आधी उठतात, मग तणनाशक आठवतं. घासाला खरी भूक आहे ती स्फुरद, पालाश आणि गंधकाची. दर महिन्याला कापून आपण रानातून काय काय उचलून नेतो याचा विचार करा.

मी सुरुवातीला नत्र हेक्टरी २० किलोच देतो, रोपाला गाठी येईपर्यंतची शिदोरी म्हणून. स्फुरद ८० किलो धरतो आणि ते सिंगल सुपर फॉस्फेटमधून. त्यात स्फुरद १६ टक्केच, पण गंधक आणि कॅल्शियम फुकट मिळतं. वीस गुंठ्यांना दोन पोती होतात. ती पेरणीच्या आधी रानात मिसळून टाकायची, बियाण्यात नाही.


दुष्काळी_पारनेर | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

पाच ठिकाणी खणून बघितलं. तीन रोपांना गाठच नाही, दोघांना तांदळाएवढ्या, आत पांढऱ्या. संवर्धन मी कधी लावलंच नव्हतं. धन्यवाद.


वऱ्हाडी_सोयाबीन | २० नोव्हेंबर, रात्री ८:५०

भाऊ, आमच्याइकडे वाशीम जिल्ह्यात मका कमी, सोयाबीन जास्त. सोयाबीनवर जुलैमधी इमॅझेथापायर तणनाशक मारलं होतं, एकरी ४०० मिली. आता विहिरीच्या पाण्यावर दहा गुंठे घास टाकाचा हाय. हे धागा वाचून भेव वाटून राह्यलं. टाकू का नोको?


बांधावरचा | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

टाका. इमॅझेथापायर घास बऱ्यापैकी सोसतो, अमेरिकेत ते घासातल्या तणासाठीही वापरलं जातं. कोवळ्या रोपाची वाढ काही दिवस आखडते, मग सावरते. त्याच रानात मोहरी किंवा बीट घेणार असाल तर मात्र थांबा. पण सोयाबीनवर क्लोरिम्युरॉनही मारलं होतं का ते आठवून बघा. तो तणनाशकांचा वेगळा गट आहे आणि आपल्या चुनखडीच्या रानात तो रेंगाळतो.

याच गटातलं गव्हावरचं मेटसल्फ्युरॉन घासासाठी फार घातक आहे. मात्रा हेक्टरी चार ग्रॅम सक्रिय घटक, म्हणजे चिमूटभर, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. गव्हानंतर घास, बरसीम, चवळी, हरभरा यांपैकी काही घ्यायचं असेल तर लेबलवरची ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका.


ॲडलेडकर | २१ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

मी मूळचा साताऱ्याचा, आता दक्षिण ऑस्ट्रेलियात मेंढ्या आणि गव्हाच्या शेतांवर कामाला आहे. बांधावरचा यांनी लिहिलेला गट इथला मोठा प्रश्न आहे. इथली जमीनही चुनखडीची, पाऊस थोडा, उन्हाळा कोरडा. गव्हावर क्लोरसल्फ्युरॉनसारखी औषधं मारली की पुढच्या वर्षी कुरणातला मेडिक, म्हणजे लसूणघासाचाच वर्षायू भाऊ, उगवतो पण वाढत नाही. रोप मरतंच असं नाही, मुळं आखूड राहतात, गाठी कमी येतात. वरून बघणाऱ्याला वाटतं पाऊस कमी पडला. अवशेष सोसणारे वाण मुद्दाम तयार करावे लागले, ‘एंजल’ आणि नंतर ‘सुलतान-एसयू’. ते आज शेतकरी विकत घेतात.

प्रवराकाठ, तुमचा घास निदान मेला म्हणून दिसलं. अर्धवट जगला असता तर तीन वर्षं तुम्ही कमी चारा कापत राहिला असता आणि कारण कळलं नसतं.


गोठ्यातली_ताई | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

माझाही अनुभव सांगते. मी फलटण तालुक्यातली, आठ म्हशी आहेत. चार वर्षांपूर्वी उसात २,४-डी तणनाशक मारलेला पंप दिराने नुसत्या पाण्याने विसळला आणि त्यानेच माझ्या घासावर माव्याचं औषध मारलं. तिसऱ्या दिवशी पानं वाटीसारखी, खोडं वळवलेल्या दोरीसारखी. कुणाला रोग वाटला, कुणाला करणी. पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये राहिलेलं पेलाभर औषध होतं ते. तो घास मी महिनाभर म्हशींना घातला नाही, विकतची कडबाकुट्टी आणली. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, तांबड्या रंगाचा, आणि त्याला दुसऱ्या औषधाचा हात लागत नाही. एकच पंप असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून टाकी भरून रात्रभर ठेवा, नळीतूनही तेच पाणी काढा, मग दोन वेळा साध्या पाण्याने.

दुसरी गोष्ट पेंडीमिथॅलिन तणनाशकाची. घासावर चढून त्याचा रस शोषणाऱ्या अमरवेलीच्या भीतीने मी पेरल्यावर दुसऱ्या दिवशी मारलं होतं. घास उगवला पण थिटा. मुळाचं टोक गदेसारखं जाड आणि बाजूची मुळं नाहीतच. मग कळलं की हे औषध मातीच्या वरच्या थरात बसतं आणि फोकलेलं बीही त्याच थरात असतं. हरभऱ्याला ते चालतं कारण हरभरा खोल पडतो. आता मी पाभरीने सेंटीमीटरभर खोल, ओळीत पेरते आणि औषधाच्या ऐवजी दोन खुरपण्या करते. बायका मिळत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण दहा गुंठ्यांना तीन बायका दोन दिवस, एवढं जमवते. कारण एकदा घास मोठा झाला की तोच तणाला वर येऊ देत नाही.

अमरवेलीसाठी बियाणंच चाळून घ्या. तिचं बी घासाच्या बियापेक्षा लहान असतं, बारीक चाळणीतून खाली पडतं. रानात एखादा पिवळा धागा दिसलाच तर घासासकट कापून तिथंच जाळते.


ऊसपट्टा | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:००

मी पहिल्या दिवशी पाण्याचं सांगितलं ते चुकलं, मान्य. प्रवराकाठ, माझ्या ओटाच्या सल्ल्याचं काय? तुमच्या गाईंना तर आत्ता चारा पाहिजे.


बांधावरचा | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

ओट नको. ओट ॲट्राझीनला घासाइतकाच कच्चा आहे, चाचणीत मुद्दाम वापरतात तो. घासामागून तोही जाईल. रान पडीक ठेवायचं नसेल तर मका किंवा चाऱ्याची ज्वारी, आणि त्यात या वेळी ॲट्राझीनचा थेंब नको. आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची मका दाट पेरली तर कोळपणीवर भागतं. चारा मिळेल, रान ओलं राहील आणि ओल्या रानातच औषध मोडतं.


प्रवराकाठ | ११ डिसेंबर, रात्री ८:१५

चाचणी झाली. बारा कप गच्चीवर ठेवले होते, पोरीने वहीत रोज नोंद केली.

बांधाच्या मातीत घास आणि मोहरी दोन्ही हिरवे. रानातल्या मातीत नवव्या दिवसापर्यंत कुणालाही फरक ओळखता आला नसता. बाराव्या दिवशी कडा पिवळ्या, अठराव्या दिवशी मोहरी सगळी गेली, घासाची सोळापैकी दोन रोपं उरली. कोळशाच्या कपांत सोळापैकी चौदा जगली, जरा बारीक आहेत पण हिरवी आहेत.

पिशवीतलं बियाणं ओल्या कापडातही टाकून बघितलं. शंभरातले ८६ रुजले. तक्रार केली असती तर उगाच कुणाला तरी दोष दिला असता.

आठ गुंठ्यांत डीएपीचं म्हणणंही पटलं. तिथं जी थोडी रोपं उगवली होती तीही नंतर तशीच पिवळी होऊन गेली. म्हणजे तिथं दोन्ही झालं.

आता नांगरून खालची माती वर घेतलीये आणि आफ्रिकन टॉल पेरलीये. विचारायचं होतं, घास जुन्याच प्लॉटवर परत केला तर? तिथं ॲट्राझीन कधी पडलेलं नाही.


गोठ्यातली_ताई | १२ डिसेंबर, सकाळी ६:००

नका करू. घास मोडून लगेच घास पेरला तर तो नीट उगवत नाही. जुन्या घासाच्या पानामुळांतून काहीतरी मातीत उतरतं, ते त्याच्याच पोराला वाढू देत नाही. मी विरळ प्लॉटमधे बी टाकून नांगे भरायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्हीदा वाया.


बांधावरचा | १२ डिसेंबर, सकाळी ८:३०

बरोबर. घासाचं स्वतःलाच मारक असणं हा अभ्यासलेला विषय आहे. कोवळं मूळ आखडतं, आणि पहिल्या वर्षी आखडलेलं सोटमूळ पुढं कधी खोल जात नाही. मधे निदान एक वर्ष मका-ज्वारीसारखं एकदल पीक घ्या. आणि त्या मक्याला ॲट्राझीन मारू नका, नाहीतर एका संकटातून दुसऱ्यात.


प्रवराकाठ | ५ जानेवारी (तेरा महिन्यांनी), रात्री ९:१०

वर्षभराने धागा वर काढतोय. ज्यांनी वेळ दिला त्यांना कळावं म्हणून.

आफ्रिकन टॉल फेब्रुवारीत कापली. चांगली झाली, दोन कोळपण्या आणि एक खुरपणी. उन्हाळ्यात गोठ्यातलं सगळं शेणखत त्याच रानात घातलं आणि दर पंधरा दिवसांनी हलकं पाणी दिलं, माती कोरडी पडू दिली नाही. जूनमधे ताग पेरला. तागही द्विदल, त्यामुळं कपांऐवजी सगळं रानच चाचणीला लावल्यासारखं झालं. कमरेला लागला, पंचेचाळीस दिवसांनी गाडला. सप्टेंबरमधे कपांची चाचणी परत केली, या वेळी तिन्ही प्रकार सारखे हिरवे.

२६ ऑक्टोबरला घास. सुपर फॉस्फेटची दोन पोती आणि थोडं पोटॅश आधी मातीत मिसळलं. घासाचं संवर्धन पाकिटावर नाव बघून आणलं. बियाणं पाभरीने ओळीत, खताचा दाणाही त्याला लागू दिला नाही. तणनाशक नाही, दोन खुरपण्या. खुरपणीला माझी आई आणि बायको होत्या, आणि दुसऱ्या वेळी भाऊ स्वतः बसला.

चाळिसाव्या दिवशी खणून बघितलं. मुळावर पुंजक्यांनी गाठी, फोडली की आत गुलाबी. पोरीला दाखवली तर तिने ती वहीच्या पानावर घासून डाग ठेवलाय. अठ्ठावन्नाव्या दिवशी पहिली कापणी झाली. कापून चार तास सुकवतो आणि कडब्यात मिसळून घालतो, पोटफुगी नको म्हणून.


दुष्काळी_पारनेर | ५ जानेवारी, रात्री ९:४०

फार बरं वाटलं. मीही नव्या प्लॉटला संवर्धन लावलं, तीन कापण्या युरियाशिवाय झाल्या. जुन्या प्लॉटला अजून थोडा लागतो. तुमचं सगळं रान सारखं आलंय का?


प्रवराकाठ | ६ जानेवारी, सकाळी ७:००

एक जागा सोडून. विहिरीजवळ, हौदाच्या खाली, सहा बाय आठ फुटांचा तुकडा आहे. तिथं घास याही वर्षी कडेने पिवळा होऊन गेला. आधी कळेना, मग गड्याने सांगितलं की मक्याला औषध मारताना पंप तिथंच भरायचा आणि उरलेलं तिथंच ओतायचा. बादलीभर कोळशाची पूड आणि दोन पाट्या शेणखत त्या तुकड्यात कालवून तिथं मका टोकलीये. त्या मातीचे चार कप पोरीने आजच गच्चीवर नेले.